तुम्ही बांधलेला डबा

वन्सं, डबा उघडला. मी येईपर्यंत हात लावू नकोस, असं बजावून गेला होतात. तुम्ही येणार नाही हे आता नक्की आहे आणि तुमच्याच उत्तरकार्याच्या पत्रिका छापायच्या होत्या, म्हणून उघडला. हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं काही तुम्ही ऐकून घ्यायच्या नाहीत.

लोक येतात, सतरंजीवर बसतात, तुमच्याबद्दल बोलतात. मोहने गावच्या ऑफिसातल्या तुमच्या जुन्या मैत्रिणी आल्या होत्या. एकीने माझा हात धरून विचारलं, "नणंद-भावजय म्हणजे अगदी जिवाभावाच्या होतात ना?" मी म्हटलं, "दुकानात एकत्र असायचो." ती माझ्याकडे बघत राहिली. ह्यांच्या आत्याबाई स्वयंपाकघरात कोणाला तरी सांगत होत्या, "शैलाच्या डोळ्यांत टिपूस नाही हो." खरं आहे. चहा किती जणांचा टाकायचा, कोणाला बिनसाखरेचा द्यायचा, भटजींना कधी फोन करायचा, सगळं नीट कळतंय. दाढ काढल्यावर गाल कसा होतो, चमचा लागतो पण आपल्याला लागला असं वाटत नाही, तसं चाललंय. चालू दे.

लग्न होऊन मी कल्याणच्या घरात आले तेव्हा तुम्ही मोहन्याच्या कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होतात. पहिल्याच रविवारी मोरीत तुम्ही काहीतरी काळं, मेणकापडी धूत होतात. मला वाटलं छत्रीचं कापड. ते टाइपरायटरचं कव्हर निघालं. ऑफिसच्या मशीनचं कव्हर कोणी घरी आणून धुतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"ऑफिसात शिपाई नाही का?" मी विचारलं.

"शिपाई टेबल पुसतो. मशीन माझ्या हाताखालचं आहे," तुम्ही म्हणालात. वर म्हणालात, "झाकलेलं मशीन आणि मिटलेलं तोंड, दोन्ही टिकतात. तुलाही उपयोगी पडेल."

मी नवी नवरी. मनात म्हटलं, ही बाई अवघड आहे. ते मत मी नंतर कधी बदललं नाही.

नोकरी सुटली तेव्हा तुमचे केस अर्धे पांढरे झाले होते. लोकांना वाटलं आता ह्या पोथी वाचत बसणार. तुम्ही कल्याणला कॉम्प्युटरच्या क्लासात नाव घातलंत. शेजारी कॉलेजातल्या पोरी, त्या तुम्हाला आजी म्हणायच्या आणि मराठी टाइप करताना जोडाक्षर अडलं की तुम्हालाच विचारायच्या. मग एक दिवस तुम्ही डोंबिवलीला माझ्या वह्या-पेनांच्या दुकानात आलात, मागच्या अंधाऱ्या भागात उभ्या राहिलात आणि म्हणालात, "इथली रद्दी काढ. इथे माझं टेबल बसेल." बसवायचं का, असं विचारलं नाहीत. कॉम्प्युटर आला, रंगीत प्रिंटर आला. लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या थोड्याशाच पत्रिका हव्या असल्या की प्रेसवाला माणसाला दारात उभं करत नाही. त्या सगळ्यांना आपण बसायला स्टूल द्यायचो.

पहिल्या दिवशी काम संपल्यावर ह्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. आपल्या घरात बटण भिंतीवरूनच बंद करायचं, सासूबाईंची शिस्त. तुम्ही केवढ्यांदा ओरडलात!

"बंडू! अरे, घरी जाऊ दे ना त्याला!"

"कोणाला?"

"हेडला!"

हे दाराकडे बघायला लागले. मग तुम्ही झाकण उघडून दाखवलंत. कार्ट्रिजच्या तळाला ते हेड असतं, त्याला केसाहून बारीक भोकं, त्यांतून शाई उडते. काम झालं की ते सरकत उजव्या कोपऱ्यात जातं आणि तिथल्या रबराच्या गादीवर तोंड टेकून बसतं. पण मशीनचं स्वतःचं बटण दाबलं तरच. भिंतीवरून वीज तोडली की ते जिथे असेल तिथे उघडंच राहतं आणि हवेनं भोकांतली शाई वाळते.

"म्हणजे झोपताना कवळी काढून पाण्यात ठेवायची, तसं," हे म्हणाले.

"हो. आणि तू पेला भरायच्या आधीच दिवा घालवलास."

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या बटणावर तुम्ही स्वतःच्या कपाळाची लाल टिकली चिकटवलीत. टिकली आहे तिथे हात लावायचा नाही. ह्यांनी पुन्हा कधी लावला नाही. दर शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जायची ती मात्र टिकली बघून जायची नाही. मग आपण धावत जाऊन ते हेड हाताने ढकलत कोपऱ्यात नेऊन बसवायचो.

खरा प्रश्न चातुर्मासाचा होता. आषाढ लागला की तुळशीचं लग्न होईपर्यंत पत्रिका बंद. उरायची शाळांची पत्रकं आणि लोकांचे अर्ज, म्हणजे नुसती काळी शाई. आपल्या मशीनला खाच एकच. काळं कार्ट्रिज लावायचं तर रंगीत बाहेर काढायचं. ते बाहेर आलं की त्याला रबराची गादी नाही, काही नाही. इतके महिने ते ठेवायचं कसं?

पहिल्या वर्षी नुकतंच कैरीचं लोणचं भरून झालं होतं आणि तुम्ही तोच हात पुढे चालवलात. स्टीलचा डबा उन्हात तापवलात, कोरड्या फडक्याने पुसलात, हिंगाची धुरी दिलीत, कार्ट्रिज आत ठेवून झाकण लावलंत आणि वरून पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधलात. "पाण्याचा हात लावू नकोस हं, शैला," असं मला निक्षून सांगितलंत. बरणीला जे चालतं ते कार्ट्रिजला चालेल, ह्यात मलाही काही चूक दिसली नाही. मीसुद्धा ह्याच घरात लोणचं घालायला शिकले.

तुळशीच्या लग्नानंतर डबा उघडला. कार्ट्रिज लावलं, कागद आत गेला आणि जसा गेला तसा पांढरा बाहेर आला. हेड दगड झालं होतं. त्यात दुकानभर हिंगाचा घमघमाट. लग्नपत्रिका छापून घ्यायला आलेले मुलीचे वडील आत डोकावून म्हणाले, "ताई, मागे फोडणी घातलीत का?" मी हसू दाबायला वह्यांच्या गठ्ठ्यामागे गेले. तुम्हाला ऐकू आलंच. संध्याकाळी शटर ओढताना फक्त म्हणालात, "हसलीस ते हसलीस. ठाण्याहून नवीन कार्ट्रिज तू आणायचंस."

पुढच्या वर्षी नव्या कार्ट्रिजच्या तोंडावरची चिकटपट्टी जपून ठेवलीत आणि तीच परत लावलीत. पट्टीखाली तिन्ही रंग एकमेकांत गेले. गणपतीच्या दिवसांत एकाला आरतीचं पान हवं होतं. शेंदरी गणपती शेवाळी निघाला. तो माणूस चांगला होता, म्हणाला, "असू द्या, विसर्जनानंतरचा आहे असं समजतो."

मग पुढच्या श्रावणात शेजारची मंगळागौर. बायका झिम्मा खेळत होत्या आणि तुम्ही एका बाजूला बसून विडे लावत होतात. ओल्या फडक्यातून पानं काढता काढता मध्येच थांबलात. तशाच उठलात, माझ्या दंडाला धरून बाजूला नेलंत.

"शैला, आपण लोणचं करत बसलो गं. ही विड्याची पानं आहेत."

"कोणती?"

"अगं, कार्ट्रिज! ह्याला कोरडं नको. ओल हवी."

बायकांना वाटलं तुम्हाला चक्कर आली. कोणीतरी लिंबू-पाणी आणलं. तुम्ही ते पिऊन टाकलंत आणि पुन्हा विडे लावायला बसलात.

तेव्हापासून पद्धत ठरली. फडकं तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे बुरशी येत नाही. घट्ट पिळायचं. डब्याच्या तळाशी ठेवायचं, त्यावर छोटी चाळणी पालथी, चाळणीवर कार्ट्रिज, हेड खाली. फडकं हेडला टेकता कामा नये, टेकलं तर सगळी शाई पिऊन टाकतं. मागच्या तांब्याच्या ठिपक्यांना ओल लागता कामा नये, कारण वीज तिथून येते. मग झाकण, मग दादरा. झाकण घट्ट असताना दादरा कशाला, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "झाकण कोणीही उघडतं. दादरा सोडायला माणूस दोनदा विचार करतो."

आणि आपला वाद. मी म्हणायचे, एवढा सोहळा कशाला? रोज एक पान काढा, हेड वाळायचं नाही. वापरातलं भांडं गंजत नाही. तुम्ही म्हणायचात, काम नसताना शाई उडवायची ही कसली काळजी? वस्तूला विश्रांती देता आली पाहिजे. शेवटी वाटणी झाली: काळं माझं, रंगीत तुमचं. मी रोज दुकान उघडलं की पाठकोऱ्या कागदावर 'क' ते 'ज्ञ' छापायचे. तुम्ही चष्म्यावरून बघायचात आणि म्हणायचात, "झाली का मुळाक्षरं? पास होशील यंदा." दोन्ही कार्ट्रिजं टिकली. त्यामुळे खरं कोणाचं, ते कधी ठरलंच नाही.

तुम्ही मला कधी तोंडावर चांगलं म्हटलं नाहीत. मीही तुम्हाला म्हटलं नाही. एकदा मात्र मी पुढे गिऱ्हाईकाला कंपास दाखवत होते आणि मागे तुम्ही कोणाला तरी सांगत होतात, "शुद्धलेखन आमच्या शैलाकडे द्या. तिची नजर पक्की आहे." पंखा खडखडत होता तरी मी ऐकलं. कंपास दोनदा बांधून दिली. नुसती वह्या विकणारी बाई होते मी, तुम्ही मला छापलेल्या शब्दाकडे बघायला बसवलंत. हे मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "मग? काम होतं म्हणून बसवलं."

यंदा गणपतीत आरत्यांसाठी तुम्ही डबा उघडलात आणि नंतर, ठाण्याला ऑपरेशनसाठी दाखल व्हायला निघायच्या दिवशी, पुन्हा बांधलात. पिशवी भरायची सोडून तुम्ही दुकानात फडकं पिळत उभ्या होतात आणि हे बाहेर रिक्षावाल्याला थांबवून धरत होते. रिक्षात बसताना मला म्हणालात, "मी येईपर्यंत हात लावू नकोस."

हॉस्पिटलात मी आले की तुमचा पहिला प्रश्न तोच.

"डबा?"

"आहे तिथे आहे."

"उघडला नाहीस ना?"

"मला काय करायचंय? माझं काळं रोज चालतंय."

"चालव, चालव. रोज एक पान गटारात."

"गटारात नाही, पाठकोऱ्यावर."

"तेच ते." मग जरा दम घेऊन म्हणालात, "तुळशीच्या लग्नाला मी येऊन उघडते. तुझं कार्ट्रिज ठेव शेजारी, माझं ठेवू. बघू कोणाचं खरं."

त्या वेळी तुमचा आवाज नेहमीचा नव्हता. मला विचारायचं होतं, वन्सं, खरंच येणार ना? मी विचारलं, "दूध गरम करून आणू का?" तुम्ही म्हणालात, "आण." एवढंच राहिलं. बाकी आपलं बोलायचं काही राहिलं नव्हतं असं मी धरून चालते, पण ते एक राहिलं.

तो शुक्रवार होता. मी रोजचं पान छापायला घेतलं होतं, मध्येच वीज गेली. उठून हेड कोपऱ्यात ढकलणार, तेवढ्यात फोन वाजला. हे म्हणाले, "शैला, ये." मी शटर ओढलं आणि निघाले.

सुतकात दुकान उघडायचं नसतं, म्हणून काल शटर अर्ध्यावरच ठेवलं. हे म्हणत होते, कल्याणच्या प्रेसमधून छापून आणू. मी म्हटलं, "तिथे नको. ते पत्रिकेच्या कोपऱ्यात विझलेला दिवा छापतात. वन्संना तो आवडत नाही."

"आता तिला काय..." हे म्हणाले.

आत गेलो तर माझं पान मशीनमध्येच. छपाई 'म'पर्यंत आलेली, तो 'म'ही अर्धा. हेड त्याच्यावर उघडं थांबलेलं, त्या शुक्रवारपासून. मी ते काढलं, कोमट पाण्याच्या फडक्यावर टेकवून ठेवलं, पुसलं, लावलं. पांढऱ्या रेघांची पानं आली. मग नुसती पांढरी. पुन्हा भिजवलं. पुन्हा पांढरी.

हे फळीकडे बघत म्हणाले, "डबा आहे की."

"माहितीये."

"मग?"

मी आणखी एकदा काळं पुसून लावून पाहिलं. मग डबा खाली घेतला.

दादऱ्याची ती तुमची गाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. मी ती कधी शिकले नाही. डबा बांधणं तुमचं काम होतं. टोक चिमटीत धरून मी थोडी उभी राहिले. ह्यांना वाटलं सुटत नाहीये. "कात्री देऊ?" म्हणाले.

"नको. ओढलं की सुटतं."

ओढलं. सुटलं.

कार्ट्रिज काढलं, चाळणी उचलली. खाली फडकं होतं आणि ते ओलं होतं, वन्सं. तुमची दोरीवरची साडी मी केव्हाच घडी करून ठेवली. टॉवेल वाळला. तुमचं तांब्याभांडं पालथं घालून ठेवलंय. दातांचा ब्रशसुद्धा खडखडीत झालाय. हे एवढं फडकं तेवढं ओलं. तुमच्या मुठीच्या पिळाच्या घड्या अजून त्यात तशाच होत्या. मी बोट लावलं आणि काढून घेतलं.

कॉम्प्युटर लावला. सवयीने मथळ्याला 'श्री' टाइप केलं आणि मग पुसलं, अशा पत्रिकेवर श्री घालत नाहीत. तुमचं नाव लिहिलं. वेलांटी तपासली. कागद लावला.

पहिलाच कागद पुरा आला. एक रेघ तुटली नाही, एक अक्षर फिकं नाही. हिंगाचा वास नाही. फक्त रंगीत कार्ट्रिजमध्ये काळी शाई नसते. मशीनने तिन्ही रंग एकावर एक टाकून काळं केलं होतं. ह्यांनी पत्रिका दाराच्या उजेडात धरली.

"काळं नाही गं हे. जांभळट दिसतंय."

"तिन्ही रंगांचं काळं असंच येतं."

"अशुभाच्या पत्रिकेला चालतं?"

"चालतं."

"ताई काय म्हणाली असती?"

"म्हणाल्या असत्या, बघ, कोणाचं खरं."

हे हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता स्टुलावर बसले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कागद लावत राहिले. कोणीतरी लावायला हवेतच.

एक सांगते, निकाल तुमच्या बाजूने लागला असं मी मानत नाही. माझं काळं वाळलं ते रोजचं पान चुकलं म्हणून. पान चुकलं नसतं तर माझंही चाललं असतं. तुम्ही ह्यावर काहीतरी म्हणाला असतात. काय, ते शोधत मी काल सगळ्या पत्रिका होईपर्यंत बसले होते. सापडलं नाही. तुमचं उत्तर नेहमी मला सुचणार नाही असंच असायचं.

पत्रिका झाल्यावर मशीनच्या बटणाने मशीन बंद केलं. कार्ट्रिज काढून डबा पुढ्यात घेतला. तुळशीचं लग्न अजून लांब आहे. फडक्याची ओल कमी होत आली होती. ते तसंच ठेवावं असं वाटलं, आहे तसं, तुमच्या पिळासकट. पण वाळलं असतं तर हेड गेलं असतं. मग तुम्ही म्हणाला असतात, फडकं जपलंस आणि हेड घालवलंस, वा!

बाटलीत तुम्ही करून ठेवलेलं तुरटीचं पाणी होतं. फडकं त्यात बुडवलं आणि पिळलं, थेंब पडणार नाही इतकं. तळाशी ठेवलं, वर चाळणी, चाळणीवर कार्ट्रिज, हेड खाली. झाकण लावलं. दादरा बांधला. तुमची गाठ दोनदा घालून पाहिली, जमली नाही. मग माझी घातली. घट्ट बसलीये, पण ओढून सुटायची नाही. तुळशीच्या लग्नानंतर कात्री लागेल.